डाव्या पायाची वहाण जपानला जाऊन आली

मित्रांनो, आम्ही दोघी बहिणी आहोत आणि त्यातली मी डावी. डाव्या पायातली चामड्याची वहाण. उजवी माझ्या शेजारीच असते, पण ती अबोल आहे, म्हणून दोघींची हकिगत मीच सांगते. आमचे तळ तीनदा बदलले आहेत. आमच्यावरचा रंग कधीच उडून गेला. तरीही आम्ही जपानच्या रेल्वेत बसून आलो आहोत. सोनई गावात असे सांगू शकणाऱ्या वहाणा बहुधा आम्हीच.

आम्हाला घडवले बजरंगकाकांनी. सोनईच्या पेठेत त्यांचे छोटे दुकान आहे. आमच्या मालकीण झुंबरबाई वहाणांसाठी आल्या, तेव्हा काकांनी त्यांना पुठ्ठ्यावर उभे केले आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. मग ते डाव्या पायाकडे जरा वेळ बघत राहिले. झुंबरबाईंचा डावा अंगठा वाकडा आहे. तो शेजारच्या बोटावर चढून बसलेला आहे.

"वैनी, डावी वाईच रुंद करावी लागंल," काका म्हणाले. "जोडी सारखी न्हाई दिसनार."

"दिसन्याचं काय घिऊन बसलात! चालता आलं पायजे," झुंबरबाई म्हणाल्या.

म्हणून मी उजवीपेक्षा चांगली बोटभर रुंद आहे. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटे. दारात आम्ही शेजारी ठेवलेल्या असलो की पाहुण्यांना वाटे, चुकून दोन वेगळ्या जोड्यांतल्या वहाणा एकत्र आल्या. पण झुंबरबाईंचा पाय माझ्यात शिरला की इतका निवांत होई, की माझा रुसवा लगेच पळून जाई. उसाच्या सऱ्या, कांद्याचे वाफे, दूध डेअरी, गावातली लग्ने, सहा वर्षे आम्ही सगळीकडे हिंडलो. बाया विचारत, "कुनाकडून केल्या गं? लई टिकल्या!" तेव्हा मी ऐटीत पुढचे पाऊल टाकी.

आणि मग घरात पांढरे बूट आले.

झुंबरबाईंचा मुलगा रविराज सुप्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कंपनीने त्याला एकदा सहा महिने जपानमधल्या ओसाका शहरात शिकायला पाठवले होते. तेव्हापासून त्याच्या मनात होते की आईवडिलांना ते शहर दाखवायचे. त्याची बायको ज्ञानेश्वरी शाळेत शिकवते. तिच्या दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले. रविराजने बाकीच्यांचे पासपोर्ट काढले आणि आईसाठी बूट आणले.

"आई, तिकडं दिवसभर चालायचं आहे. ह्या वहाणा आता पुरे. शनिवारी शिंगणापूरला जाऊ, तिथंच सोडून ये."

मित्रांनो, शनिदेवाच्या दारात काही माणसे आपल्या जुन्या वहाणा मुद्दाम सोडून येतात. त्यांचे पुढे काय होते, ते वहाणाच जाणोत. झुंबरबाई शिंगणापूरला गेल्याच नाहीत. त्यांनी आम्हाला कॉटखाली सरकवले आणि आठ दिवस अंगणात बूट घालून फेऱ्या मारल्या. रोज संध्याकाळी त्या मिठाच्या गरम पाण्यात डावा पाय बुडवून बसत. निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बॅगेच्या तळाशी, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली ठेवून दिले.

ओसाकात पहिल्याच सकाळी आम्ही त्यांच्या पायात होतो. रविराजने पाहिले. "बूट कुठंयत?" त्याने विचारले. "हायेत की बॅगंत," झुंबरबाई म्हणाल्या. त्याच्या कपाळावर आठी पडली.

तिथे रोज रेल्वेने, नाहीतर बसने फिरायचे होते. ज्ञानेश्वरीने प्रत्येकाच्या गळ्यात तिकिटाचे एक कार्ड अडकवले होते. ते स्टेशनाच्या फाटकावर टेकवले की फाटक उघडायचे. झुंबरबाईंचे पती पुंजाराम त्यावर फार खूश होते. त्यांचे कार्ड टेकवून झाले की ते मागच्या माणसाला वाकून "या, या" म्हणत, जणू घरच्या कार्याला पाहुणे आले आहेत.

गाडीत मात्र सगळे गप्प असत. कोणी फोनवरसुद्धा बोलत नसे. झुंबरबाईंनी दोन स्टेशने कशीबशी कळ काढली आणि मग मोठ्याने विचारले, "रविराज, ही समदी मानसं रागावल्यात का रं?"

"आई, हळू बोल. इथं असं चालत नाही."

हे "इथं असं चालत नाही" आम्ही दिवसातून वीसदा ऐकू लागलो. मोठ्याने बोलायचे नाही. गाडीत खायचे नाही. मध्येच थांबायचे नाही. त्यात स्टेशनावरच्या सरकत्या जिन्याची झुंबरबाईंना भीती वाटायची. पायाखालची पायरीच पळतेय म्हटल्यावर पाऊल टाकायचे कुठे? पुंजाराम मात्र त्या जिन्यावरून वर जाऊन पुन्हा खाली येत, आणि जत्रेतल्यासारखे हसत. झुंबरबाईंसाठी लिफ्ट शोधावी लागे. लिफ्ट नेमकी दुसऱ्या टोकाला असे. तोवर गाडी जाई, आणि रविराज घड्याळाकडे बघे. झुंबरबाईंचे पाऊल मग जड व्हायचे. आम्हाला तळव्यातून ते कळायचे.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमी जा. मी खोलीवरच बसते."

"अहो आई, आज हरणं बघायला जायचंय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नारा गावात हरणं रस्त्यात फिरतात. तुम्ही नसलात तर मीपण नाही जाणार." तिने हातच धरला, तेव्हा कुठे झुंबरबाई उठल्या.

वाटेत एका लहान स्टेशनावर गाडी बदलायची होती. तिथला फलाट वळणाचा होता, त्यामुळे गाडी आणि फलाट यांच्यात चांगली वीतभर फट होती. उतरताना झुंबरबाईंचा पाय अडखळला. त्या सावरल्या, पण मी पायातून निसटले आणि सरळ खाली गेले.

मी रुळाशेजारच्या खडीवर उताणी पडले. वर गाडीचे पोट होते. मग चाके फिरली, सगळे थरथरले आणि गाडी निघून गेली. वर निळे आभाळ दिसू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मी उजवीपासून एवढी लांब होते.

वरून आवाज आले.

"जाऊ दे आई. आपण इथंच नवीन घेऊ."

"न्हाई."

"एका वहाणेसाठी स्टेशनवाल्यांना कसं सांगायचं? हसतील ते."

"हसू दे. मी सांगते."

आणि झुंबरबाई नऊवारी सावरत, एक पाय अनवाणी ठेवून, टोपीवाल्या स्टेशनबाबूकडे चालत गेल्या. त्यांनी आपली मराठी जराही बदलली नाही. "दादा, माजी डावी वहान खाली पडली. एकली उजवी काय कामाची, सांगा बरं?" मग त्यांनी अनवाणी पाऊल पुढे करून दाखवले.

बाबू हसला नाही. त्याने पावलाकडे पाहिले, रुळाकडे पाहिले आणि मान हलवली. आधी तो धावत जाऊन कापडी सपाता घेऊन आला आणि झुंबरबाईंच्या पायाशी ठेवल्या. फलाटावरच्या बाकाकडे हात करून त्याने त्यांना बसायची खूण केली. पुढची गाडी येऊन जाईपर्यंत थांबावे लागणार होते.

झुंबरबाई बसल्या. रविराज त्यांना सपाता घालून द्यायला खाली वाकला, आणि तसाच राहिला.

"आई, हा अंगठा असा कशानं झाला?"

"उसाच्या गाडीच्या बैलानं पाय दिला हुता. तू पाळन्यात हुतास."

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"कुनी इचारलं?" झुंबरबाई सहज म्हणाल्या. त्यांचे सगळे लक्ष रुळाकडे होते.

आणलेल्या बुटांमध्ये तो अंगठा कसा मावला असेल, हे बहुधा रविराजच्या आत्ता लक्षात येत होते. त्याने तो पाय दोन्ही हातांत धरून सपातेत हलकेच घातला.

गाडी येऊन गेली. मग स्टेशनबाबू लांबलचक चिमटा घेऊन आला, पेठेतल्या वाण्याकडे वरच्या फळीवरचे डबे काढायला असतो ना, तसा, पण त्याहून लांब. पहिल्यांदा मी निसटले. दुसऱ्यांदाही निसटले, कारण मी रुंद आहे. फलाटावरची दोन-चार माणसे बघत उभी राहिली होती. तिसऱ्यांदा त्याने मला माझ्या पट्ट्याला धरून वर उचलले आणि पुंजारामांनी टाळ्याच वाजवल्या. ती गप्प माणसेसुद्धा टाळ्या वाजवू लागली.

बाबूने रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. दोन्ही हातांनी मला झुंबरबाईंसमोर ठेवले आणि कमरेत वाकला. झुंबरबाई गडबडून उभ्या राहिल्या आणि त्याच्याएवढ्याच वाकल्या. तो पुन्हा वाकला. त्याही पुन्हा वाकल्या.

"अगं, आता बास कर, न्हाईतर गाडी चुकंल," पुंजाराम म्हणाले.

"चुकू द्या आबा," रविराज म्हणाला. "दुसरी येईल."

ज्ञानेश्वरीने पर्समधला केसांचा रबर काढून माझ्या टाचेकडून झुंबरबाईंच्या घोट्याभोवती अडकवला, म्हणजे मी पुन्हा निसटणार नाही. नाराला आम्ही तासभर उशिरा पोहोचलो. एका हरणाने मला हुंगले, चाटून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

पुढचे चार दिवस रविराज स्टेशनात शिरला की स्वतःच लिफ्टची पाटी शोधायचा, आणि आईच्या पावलाने चालायचा. शेवटच्या दिवशी झुंबरबाईच त्या सरकत्या जिन्यासमोर थांबल्या. "हात धर रं. बघू तरी काय हुतंय." त्यांनी मला पुढे टाकले. पायरी वर चढू लागली. झुंबरबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की पूर्ण स्टेशनाने ऐकले असेल. त्यांना कोणीही गप्प केले नाही.

आता आम्ही घरी आहोत. परवा रविराजने आम्हाला पेठेत नेले, नवा तळ लावून घेतला आणि तेल चोळून उन्हाआड ठेवले. पांढरे बूट त्याने शेजारच्या मुलीला दिले. तिच्या पायाला ते छान बसले.

मित्रांनो, आम्हाला काढताना पायाने भिरकावू नका, जोडीने ठेवा. ओल्या झालो तर सावलीत वाळवा. टाका उसवला तर लगेच शिवून घ्या. आणि घरातल्या कोणाची जुनी वस्तू टाकून द्यायला निघाल, तेव्हा ती वस्तू ज्याच्या कामाची आहे त्याच्याजवळ जरा बसा, आणि विचारा. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ असते.