धाकट्या सुनेवरची काळी कड

लालासाहेबांच्या अंगणात एवढी गर्दी त्यांच्या मुलाच्या लग्नालाही नव्हती. दोरीला चिमटे लावून अकरा फोटो टांगले होते, गावातल्या अकरा कुटुंबांचे, आणि बघणारा प्रत्येक जण तोंडाचा आ करून पुढे सरकत होता. अकराही फोटोंत घरची धाकटी सून काळवंडलेली, वर अंगावर गुलाबी झाक. बाकीची माणसं लख्ख.

"ही बाधेची कड," प्रभानाथ महाराज सांगत होते. "तुमच्या चर्मचक्षूंना दिसत नाही, आमच्या काचेला दिसते. हिमालयात गुरूंनी स्वहस्ते दिलेली काच आहे ही."

रहिमतपूरची मदिहा नेमकी तेव्हाच या घरच्या लग्नाचा अल्बम घेऊन पोचली. लग्नाला आठ महिने झाले होते. पण फोटोवाल्यांच्या हिशेबानं अल्बम वेळेवरच होता. वडिलांचा स्टुडिओ ती चालवायची, त्यामुळं तिची नजर आधी कॅमेऱ्यावर गेली. गुरूंनी दिलेल्या काचेच्या कडेवर परदेशी कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि त्यावर महाराजांनी अष्टगंध फासलं होतं.

मग तिला दाराशी पूजा दिसली. याच घरची धाकटी सून, हातात बॅग. बारावा फोटो आत्ताच निघाला होता आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या टॅबच्या पडद्यावर पूजा काळी आली होती. बोअरला पाणी लागलं नव्हतं, म्हैस गाभडली होती. दोन्हीचं कारण आता घरातच सापडलं. उपाय ठरलेला. सुनेनं सव्वा वर्ष माहेरी राहायचं, तिनं वेस ओलांडली की शांती करायची आणि पुन्हा फोटो काढायचा. तो म्हणे दर वेळी स्वच्छ येतो. अकरा घरच्या सुना अशाच गेल्या होत्या. पूजाचा नवरा लष्करात, सीमेवर. त्याचा फोन लागत नव्हता. माहेरी लोणंदला जायची तिची बॅग सासूबाईंनी, बनुबाईंनी, स्वतः भरली होती.

मदिहानं दोरीवरचे फोटो पुन्हा पाहिले. लोक चेहरे बघत होते, तिनं जागा बघितल्या. मधोमध खुर्चीवर सासरे, शेजारी सासू, मग थोरली मंडळी, आणि डावीकडं अगदी टोकाला डोक्यावर पदर घेतलेली धाकटी सून. आपल्याकडं कुटुंबाचा फोटो असाच उभा राहतो. उजवीकडची जागा मात्र प्रत्येक फोटोत रिकामी.

"उजवी बाजू मोकळी का वं महाराज?" तिनं भाबडेपणानं विचारलं.

"ती देवाची."

"आणि शांतीला काय करता?"

"कॅमेऱ्याला सोवळं नेसवतो. काचेवर शुभ्र वस्त्र धरून एक छायाचित्र, मग टॅबवर हस्तमुद्रा."

मदिहाला हसू आवरेना. हे सोवळं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. पण पूजाकडं बघितल्यावर तिला चीड आली.

"बनुमावशी, पूजा जायच्या आधी एक फोटो काढूया. पूजाला तुमच्याजवळ मधी बसवा. महाराज, तुमी हितं डाव्या टोकाला."

महाराज कां-कूं करू लागले. "आवं, तुमास्नी कसली भीती?" म्हणत लालासाहेबांनीच त्यांना धरून उभं केलं. मदिहानं महाराजांच्याच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर पूजा लख्ख आली आणि महाराज भरताच्या वांग्यासारखे.

"पाहिलंत?" महाराज लगेच सावरले. "त्या पोरीची बाधा आम्ही अंगावर घेतली."

दोघातिघांनी हातही जोडले. माणूस खोटा असला तरी हजरजबाबी आहे, हे मदिहानं मनातल्या मनात मान्य केलं. मग ती गोठ्याकडं वळली आणि चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढला. चारी कोपरे काळे, डावी कड गुलाबी.

"आता या भिंतीला कुणाची बाधा झाली? तिला तर सासूबी न्हाई."

गर्दीत हसू फुटलं.

"काच जुनी हाय, लय रुंद बघणारी," मदिहा सांगू लागली. "मधी उजेड भरपूर पोचतो. कडंला तिरका जातो, म्हणून कमी पोचतो आणि कड काळी दिसती. तिरका उजेड कॅमेऱ्याच्या आत पडला की रंगबी चुकतो, ती ही गुलाबी झाक. उजवी कडबी काळीच येती, म्हणून ती देवाची. सोवळं म्हंजे नुसता पांढऱ्याचा फोटो. पांढऱ्यावर कुठं किती काळं आलं, ते बघून टॅब तेवढा उजेड भरून काढतो आणि रंग सारखा करतो. आमी स्टुडिओत हे रोज करतो, मंत्राबिगर."

तिनं आपली पांढरी ओढणी काचेवर ताणून एक फोटो घेतला, टॅबवर बोट फिरवलं आणि पूजाला पुन्हा डाव्या टोकाला उभं केलं. फोटो स्वच्छ आला. पूजानं वेस सोडा, अंगणही ओलांडलं नव्हतं.

महाराजांनी झोळी उचलली. "बसा की," लालासाहेबांनी त्यांना खाली दाबलं. "पोलीसपाटील येत्यात. त्यांचाबी फोटो काढू."

आता मात्र कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं दोरीवरचा आपल्या घरचा फोटो काढला आणि खाली मान घालून निघून गेला. मदिहाला त्याची कीव आली, पण तिनं बोलायचं सोडलं नाही.

"म्हैस गाभडली तर जनावरांच्या डॉक्टरला इचारा. बोअर कोरडी गेली तर जमिनीखाली पाणी न्हाई, एवढंच. आणि फोटोत डाग दिसला तर आदी काच तपासा. माणसाला घराबाहेर काढायला एवढी घाई कशाला?"

बनुबाईंनी बॅग घ्यायला हात पुढे केला. पूजानं बॅग सोडली नाही.

"आत्या, आज काच खोटी निघाली म्हणून मला ठेवताय. उद्या दुसरा कोण दुसरं काय घेऊन आला, तर?"

एवढ्या लोकांत सुनेनं सासूला असं विचारलेलं गावानं कधी ऐकलं नव्हतं. बनुबाईंनी पुढे केलेला हात तसाच ठेवला.

"तर आदी मी टोकाला उभी ऱ्हाईन," त्या म्हणाल्या. "तुला न्हाई उभं करणार."

तेव्हा कुठं पूजानं बॅग सोडली.