पाच फुटांचं वर्तुळ

आमच्या घराण्यात मोजूनमापून काही करायची पद्धत नाही. मीठ, कापड, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. त्यात मी थोरली आणि तोंडाळ, त्यामुळे माझा अंदाज हाच कायदा. धाकटा भाऊ चाकाच्या खुर्चीवर घरी येणार म्हटल्यावर त्याची झोपायची खोली नव्याने लावायचं काम मी कुणालाही न विचारता अंगावर घेतलं.

शिडीवरून पडून त्याच्या दोन्ही पायांतली ताकद गेली होती. इस्पितळात तो मला म्हणाला, "ताई, महिनाभर घरी राहून बघतो. प्रत्येक गोष्टीला कुणाला तरी हाक मारावी लागली, तर अपंगांच्या सेवाकेंद्रात राहायला जाईन. तिथे जागा सांगून ठेवली आहे." मी त्याला चार शब्द सुनावले आणि जिन्यात येऊन रडले. तो बोलतो ते करतो, हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे.

माझा बेत सोपा होता. भिंतींना रंग, नवा पडदा, जुन्या दुहेरी पलंगावर जाड गादी. वहिनीने बाजूला काढलेले पैसे घेऊन मी दुकानात निघाले, तर तिची लेक ठकी टेप घेऊन दारात उभी. पोर नववीत, पण आवाज हेडबाईंचा.

"आत्या, रंग किती आणणार?"

"दहा लिटर. उरला तर उरला."

"पाच पुरेल. चारी भिंती मिळून अडतीस फूट, उंची नऊ. दार-खिडकी वजा करून तीनशे नऊ चौरस फूट. दोन हात द्यायचे म्हणून दुप्पट. एका लिटरमध्ये सव्वाशे फूट होतात, डब्यावर लिहिलंय."

"आणि वाचलेल्या पैशांचं काय लोणचं घालू?"

"ते सुताराला द्यायचेत," ती म्हणाली आणि मला हाताला धरून खोलीत घेऊन गेली.

खोली दहा बाय नऊची. सामान बाहेर काढून तिने फरशीवर खडूने पलंग आखला होता, कपाट आखलं होतं. मग अडीच फुटांची दोरी घेतली, एक टोक अंगठ्याखाली दाबलं आणि दुसऱ्या टोकाच्या खडूने गरकन वर्तुळ काढलं. खुर्ची जागच्या जागी वळायला एवढी जागा लागते, असं तिला इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं. माझा लाडका दुहेरी पलंग पाच फूट रुंद. तो ठेवला की शेजारी चारच फूट उरत होते आणि वर्तुळ सरळ गादीवर चढत होतं.

"पलंग तीन फुटी घेऊ आणि आईची खाट बाहेर लावू," ठकी म्हणाली. पैशांचे तिने दहा भाग पाडले होते. चार पलंगाला, दोन रंगाला, तीन सुताराला, एक अडीअडचणीला. पडद्याला भोपळा. जुनाच धुऊन लावायचा.

वहिनी उसनी खुर्ची घेऊन आली. मी तीत बसले आणि गोल फिरले. झकास वळली. मी विजयी मुद्रेने म्हणाले, "झालं की. सुतार कशाला?"

"आता दार लावून बघा."

दार आत उघडणारं. ते ओढलं की सरळ माझ्या गुडघ्यांवर येई. मी मागे सरकले, पुढे सरकले, तिरकी झाले. फळी दर वेळी त्या वर्तुळातूनच जायची.

"राहू दे उघडं. घरचीच तर माणसं," मी म्हटलं.

ठकी खडू झटकत होती. हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना कपडे बदलायचे असतात. कधी नुसतं एकटं बसायचं असतं."

मी गादीची जाडी पाहिली होती, पोरीने बापाची लाज मोजली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की रागच आला.

सुताराने बिजागऱ्या उलट्या बसवल्या आणि दार बाहेर उघडणारं केलं. त्याच्या वाटेत येणारं चपलांचं स्टँड जिन्यात गेलं. दाराला आतून ठकीने एक लांब आडवा दांडा लावून घेतला, म्हणजे दार सताड उघडं असलं तरी दांड्याचं एक टोक बसलेल्या माणसाच्या हाताशी येतं. त्याची उंचीही तिने इस्पितळात बापाच्या कोपराला टेप लावून घेतली होती. त्याला वाटलं होतं, पोरगी सदऱ्याचं माप घेते आहे.

भाऊ आला तेव्हा आम्ही सगळी त्याच्या मागे मागे खोलीत शिरलो. त्याने खुर्ची वळवली. एकदा, मग उलट्या बाजूने पुन्हा एकदा. रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पलंगाचं कौतुक सांगायला लागले, तेवढ्यात ठकीने माझा पदर ओढला.

"चला, सगळे बाहेर."

आम्ही बाहेर आलो. त्याने दांडा धरला, खुर्ची मागे घेतली, आणि दार लागलं. आमच्यापैकी कुणी हात लावला नव्हता. वहिनी भिंतीला टेकली. मी हाक मारणार होते, पण ठकीने मान हलवली.

मग आतून त्याचा आवाज आला, नेहमीसारखा.

"ताई, त्या सेवाकेंद्राला फोन कर. म्हणावं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."