जबाबाच्या वेळी मी खोलीत होतो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. बसा, पण डावीकडे जरा जपून. तो पाय मागाहून लावलेला आहे आणि तो माझं ऐकत नाही. आधी झाड, मग करवत, मग सुतार अशी आपली कहाणी सांगण्याची आम्हा लाकडी मंडळींची रीत आहे. ते मी चटकन उरकतो, कारण सांगायचं ते पुढे आहे. मी सागवानाचा. एकाहत्तर साली देवळीच्या एका सुताराने मला घडवलं आणि एका ट्रकवर बांधून वर्ध्याच्या वेशीवरच्या कॉलेजात पाठवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की लोक त्या कॉलेजकडे बोट दाखवतात आणि आपलं कॉलेज विसरतात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मला उचलून मंचावर नेत. पुढे नवे बाक आले आणि माझी रवानगी भौतिकशास्त्राच्या वर्गात शेवटच्या ओळीत झाली. तिथे माझ्यावर 'बसवाल्या' बसत. खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींना आमचे मधुकरराव सर याच नावाने हाक मारत. "बसवाल्या मागे," एवढंच म्हणत. त्यांना यायला उशीर होतो, वर्गाला त्रास होतो, हे त्यांचं कारण. बस वेळेवर आली आणि पुढचे बाक रिकामे असले तरी मुली मागेच. चांगला गॅल्व्हानोमीटर पुढच्या टेबलावर, काटा अडकलेला मागच्या. मग प्रयोग चुकला की सर म्हणायचे, "वांगी तोडायची सोडून इथं कशाला येता?" पुढची पोरं हसायची. मला ते हसणं आवडत नसे, पण बाकाला कोण विचारतो.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक हवी. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मधुकरराव शहरातल्या मुलामुलींच्या जर्नलवर वर्गातच सह्या करत. बसवाल्यांनी मात्र सगळे गेल्यावर एकेकटीने स्टोअररूममध्ये, म्हणजे सरांच्या खोलीत, यायचं, असा त्यांचा नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

एका स्नेहसंमेलनात पोरं माझ्यावर चढून नाचली आणि माझा डावा पाय मोडला. कसाबसा दुसरा पाय ठोकून मला व्हरांड्यात टाकण्यात आलं. एका बाजूला प्राचार्यांची खोली, समोर स्टोअररूमचं दार. इथे मला सगळं दिसू लागलं. मुली आत जात. दार लागे. बाहेर आल्या की माझ्यावर येऊन बसत आणि ओढणीने हात पुसत राहत, हाताला काहीच लागलेलं नसताना. दुसरी विचारी, "झाली सही?" पहिली म्हणे, "झाली." घरी सांगावं तर दुसऱ्या दिवसापासून बस बंद, कॉलेज बंद आणि पुढच्या महिन्यात पाहुणे पाहायला. हे प्रत्येकीला माहीत होतं. मधुकररावांना तर चांगलंच माहीत होतं.

आता पंचफुलाबद्दल सांगतो. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विशीतली. पवनारला धाम नदीच्या काठी तिच्या वडिलांची, नत्थूजींची, भाजीची वाडी. आई देवकाबाई वर्ध्याच्या बाजारात भाजी विकायची. पंचफुलाचा आवाज मोठा. साधं 'हो' म्हणाली तरी जिन्यापर्यंत जायचं. मला ती फार आवडायची, हे सांगून टाकतो.

ब्याऐंशीचा डिसेंबर होता. वर्ग सुटला होता. पंचफुला जर्नल घेऊन स्टोअररूमकडे निघाली. उंबरठ्यावर पोचली नाही तोच मधुकरराव मागून आले, तिच्या पाठोपाठ आत शिरले आणि आतून कडी लागली. नंतर मी तिचा आवाज ऐकला, "सर, दार उघडा." पुन्हा ऐकला, यावेळी मोठा. टेबल सरकलं. काचेचं काहीतरी फुटलं. मग कडी निघाली आणि ती बाहेर आली. हातात जर्नल नव्हतं आणि बाहीची शिवण उसवली होती. ती माझ्यावर बसली नाही. सरळ प्राचार्यांच्या दारापाशी गेली, तर त्याला कुलूप. तिने ते कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि बस गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि माझ्यावर बसली. प्राचार्यांनी विचारलं, "काय काम आहे?"

"तक्रार सांगाची हाय, सर."

"लेखी दे."

"तोंडानंच सांगाची हाय. कागद हरपते."

प्राचार्य आत गेले. ती बसून राहिली. तास झाले, मधली सुट्टी झाली, ती उठली नाही. पुढचे काही दिवस ती रोज येऊन तशीच बसली. बातमी पसरायला काय लागतं? येणारे-जाणारे तिच्याकडे बघत आणि माझ्यापासून चार हात लांबून जात. एरवी माझ्यावर जागेसाठी भांडणं होत, पण त्या दिवसांत तिच्या शेजारी कोणी टेकलं नाही. बसवाल्यासुद्धा नाहीत. त्या तर मान खाली घालून पळत जात. मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

मग एके दिवशी देवकाबाई भाकरी बांधून आली आणि लेकीजवळ बसली. म्हणाली, "तुया बाप म्हणून राह्यला, पोरीले घरी आन. म्या सांगतलं, पोरगी परीक्षा देऊनच घरी येईन. आता तू मले खोटं पाडजो नको." एवढं बोलून तिने भाकरीचा तुकडा लेकीच्या हातात दिला आणि स्वतः रडली. पंचफुला रडली नाही. तिने भाकरी खाल्ली.

शेवटी प्राचार्यांना ऐकावं लागलं. प्रकरण संस्थेचे सचिव भैयाजी यांच्याकडे गेलं. भैयाजी मूळचे देवळीचे, बोलायला गोड, पण कॉलेजच्या नावाला फार जपणारे. मधुकररावांनी त्यांना सांगितलं, "गुण वाढवून मागायला पोरगी आपणहून खोलीत यायची. मी नाही म्हटलं म्हणून हे बालंट." भैयाजींनी चौकशी ठेवली आणि बाहेरून एक बाई बोलावल्या, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. तक्रार खोटी ठरली तर पंचफुलाचं नाव कॉलेजातून काढायचं, हेही त्यांनी देवकाबाईला आधीच ऐकवलं.

त्या बाई म्हणजे प्रमिलाबाई. पुण्याच्या निवृत्त प्राचार्या. आमच्या मुलखात पहिल्यांदाच आलेल्या. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, बाई सरळ होत्या. पण त्यांची मराठी पुस्तकातली होती आणि कान पुण्याचे. चौकशीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून मला उचलून आत नेलं. खुर्च्यांवर प्रमिलाबाई, भैयाजी आणि मधुकरराव. समोर माझ्यावर पंचफुला, एकटी. देवकाबाईला बाहेरच थांबवलं होतं.

"सांग, काय झालं," प्रमिलाबाई म्हणाल्या. जबाब त्या स्वतःच लिहीत होत्या.

"मी जर्नल घेऊन सरच्या खोलीत जाऊन राह्यली होती," पंचफुला म्हणाली, "तं सर मांगून आले अन् त्याइनं आतून कडी लावली."

प्रमिलाबाई लिहिता लिहिता पुटपुटल्या, "मी जर्नल घेऊन सरांच्या खोलीत जाऊन राहिले होते. नंतर सर आले." पेन थांबलं. "किती वेळ राहिली होतीस?"

"कोठी?"

"त्यांच्या खोलीत."

"मी कोठी राह्यली? मी तं जाऊन राह्यली होती."

"तेच विचारते आहे मी."

मित्रांनो, तुमच्यापैकी जे दुसऱ्या मुलखातले असतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे 'कोठी' म्हणजे 'कुठे', आणि 'मी जाऊन राह्यली होती' म्हणजे 'मी जात होते'. जेवून राह्यलो म्हणजे जेवतो आहे. हिंदीतलं 'जा रही थी' आहे ना, तसंच. त्यात मुक्काम कुठेच नाही. पण प्रमिलाबाईंच्या कागदावर पंचफुला सरांच्या रिकाम्या खोलीत आधीच जाऊन राहिलेली होती आणि सर बिचारे नंतर आले होते.

"बघा, मॅडम," मधुकरराव हळूच म्हणाले. "मी सांगत होतो ते तिच्याच तोंडून आलं."

मधुकरराव हिंगणघाटचे. त्यांना त्या वाक्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. भैयाजींनाही ठाऊक होता. भैयाजी पंख्याकडे बघायला लागले. डिसेंबरात पंखा बंद होता. लाकडाला तोंड नसतं याची इतकी चीड मला जन्मात आली नव्हती. माझ्यावर बसलेल्या पोरीचं शिक्षण समोर एका शब्दापायी बुडत होतं.

प्रमिलाबाईंनी कागद पुढे सरकवला. "वाचून सही कर."

पंचफुलाने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे माह्यं नाई."

"तूच बोललीस, तेच लिहिलं आहे."

"मी असं नाई बोलली, मॅडम."

आता भैयाजींचा धीर सुटला. शुद्ध बोलण्याचं भानही सुटलं. "पोरी, सही करून मोकळी हो. मॅडमले गाडी पकडाची हाय. आमी सकाळपासून तुयंच ऐकून राह्यलो."

पंचफुलाने भैयाजींकडे पाहिलंच नाही. प्रमिलाबाईंकडे वळून म्हणाली, "मॅडम, भैयाजी कोठी राह्यले ते इचारा ना त्याइले."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढला.

"भैयाजी, 'ऐकून राह्यलो' म्हणजे काय?"

"म्हणजे... ऐकतो आहे. आमच्याकडचं बोलणं आहे, मॅडम, तुम्ही मनावर घेऊ नका."

"आणि 'जाऊन राह्यली होती'?"

"ते संदर्भावर अवलंबून असतं," मधुकरराव मध्येच म्हणाले.

"तुम्हाला विचारलेलं नाही. भैयाजी?"

भैयाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जात होती," ते म्हणाले.

"म्हणजे मी चुकीचं लिहीत होते आणि तुम्ही दोघं ते बघत होता."

प्रमिलाबाईंनी तो कागद आडवा-उभा खोडला आणि नवा घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मुली, पुन्हा सांग. तुझ्या बोलीतच सांग. मी तसंच्या तसं लिहीन आणि कळणार नाही तिथे तुला विचारीन."

मग पंचफुला बोलली. कडी कशी लागली, सरांनी हात कसा धरला, सहीच्या बदल्यात काय मागितलं, टेबल ढकलून ती कशी सुटली, सगळं. आवाज जिन्यापर्यंत नक्की जात असणार. शेवटी म्हणाली, "पुढच्या बाकावरच्याइले वर्गात सही. मंग आमालेच काऊन कडीच्या आत बोलावते, मॅडम?"

"आम्हाला म्हणजे कोणाकोणाला?"

पंचफुलाने मान खाली घातली. "नावं मी नाई सांगनार. त्याइच्या घरी समजलं तं त्याइचं शिक्षण बंद होते."

"नावं नाहीत," मधुकरराव म्हणाले आणि पाय पसरून बसले. "कारण दुसरं कोणी नाहीच."

दार वाजलं. भैयाजी "कोण आहे?" म्हणेपर्यंत ते उघडलंही. कुंता आणि शालू, देवळीकडच्या बसने येणाऱ्या दोघी, दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे देवकाबाई होती. शालू म्हणाली, "आमी."

दोघी आत आल्या आणि पंचफुलाच्या दोन्ही बाजूंना बसल्या. माझा डावा पाय करकरला, पण मी त्याला दम दिला. प्रमिलाबाईंनी आणखी दोन कोरे कागद घेतले आणि पुण्याची गाडी जाऊ दिली.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मधुकरराव गेले, पण संस्थेने कागदावर लिहिलं, 'स्वेच्छेने राजीनामा'. भैयाजी आहेत तिथेच राहिले. कुंताच्या घरी कळलं आणि महिन्याभरात तिचं कॉलेज सुटलं. मला तिची आठवण येते, कारण तिला ठाऊक होतं की असंच होणार, आणि तरी ती आत आली होती. जर्नलच्या सह्या मात्र त्या दिवसापासून सगळ्यांच्या वर्गातच होऊ लागल्या. पंचफुलाने परीक्षा दिली आणि पास झाली. पुढे ती एका शाळेत विज्ञान शिकवू लागली असं ऐकलं.

मी आता सायकल स्टँडच्या भिंतीला टेकून असतो. वाळवी लागली आहे, खिळे वर आले आहेत. अशा वेळी माझ्यासारख्याने तुमच्याकडे तेलपाणी मागावं, रंग मागावा, दुरुस्ती मागावी. मित्रांनो, ते जमलं तर करा, नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्याही शाळा-कॉलेजात साहेबांच्या दाराबाहेर माझ्यासारखा एखादा बाक असेल. त्यावर कधी कोणी एकटं बसलेलं दिसलं आणि सगळे चार हात लांबून जाताना दिसले, तर काय झालं ते मग विचारा. आधी जाऊन शेजारी बसा.