भिंतीवर पोहणारे शुक्राणू

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शुक्राणू नुसते सळसळत होते. दालनातल्या वीस-पंचवीस जोडप्यांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी तर हात जोडले. इथे जमलेल्या प्रत्येक नवऱ्याच्या जुन्या रिपोर्टवर एकच आकडा होता, शून्य.

"पंधरा दिवसांपूर्वी औषधालासुद्धा एक नव्हता," पांढऱ्या कोटातले डॉक्टर माइकवरून म्हणाले. "मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, फक्त एक डोस. मूळ पेरलं, पीक आलं. आता दुसरा घ्या आणि पाळणा बघायला लागा."

पडद्यावरचा नमुना पुढच्या रांगेतल्या एका सुताराचा होता. "बघितलंस? माझे आहेत ते," तो बायकोला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पहिल्या इंजेक्शननंतर तो चार दिवस तापाने फणफणला होता, जांघेतली सूज अजून उतरली नव्हती. दुसरी सुई आतल्या खोलीत तयार होती.

त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पोरं सूक्ष्मदर्शकात स्वतःच्याच पापणीचा केस बघून 'बाई, जंतू' म्हणून बोंब ठोकतात, म्हणून तिची शिस्त ठरलेली: आधी काच सरकवा. चित्र सरकलं, तर दिसतंय ते काचेवर आहे.

"डॉक्टर, मी जवळून बघू?"

"बघा ना ताई. विज्ञानात लपवाछपवी नसते."

टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन तिने सवयीने नमुन्याची काच सरकवली. पडद्यावर काही सरकलं नाही. तिने काच उचलून हातातच घेतली, तरी शुक्राणू आपले मजेत पोहत राहिले.

"मशीनला जरा वेळ लागतो," म्हणत डॉक्टरांनी काच घ्यायला हात पुढे केला. ती मागे सरली आणि पडद्याची वायर कुठे जाते ते बघत गेली. वायर टेबलाखालच्या लॅपटॉपला जोडलेली होती.

"हा व्हिडिओ आहे," ती म्हणाली. "कुणाचे शुक्राणू आहेत हे?"

"ठेव ती काच," सुतार पुटपुटला. "मला आत बोलावतायत."

तिला त्याचा राग आला नाही, रडू आलं. "अहो, मलाही मूल हवंय. पण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. पंधरा दिवसांत कुठून येतील? आणि त्या सुईत काय आहे, कुणाला ठाऊक?"

सुताराने तिच्या हातातली काच घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फळीची धार तपासावी तसा एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"यात काही नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

एकेक नवरा उठून बघायला पुढे आला. डॉक्टर मागच्या दाराने केव्हा सटकले, कळलंच नाही.

मूळपेशींचं संशोधन खोटं नाही. शुक्राणू का तयार होत नाहीत, हे शास्त्रज्ञ या पेशींच्या मदतीने शोधताहेत, उद्या उपचारही निघेल. पण आज तो सिद्ध झालेला नाही, आणि तो झालाय असं सांगून जो सुई उगारतो त्याला पुरावा मागायचा असतो. आपली गरज मोठी असेल तेव्हा तर आधी मागायचा.

"आता काय करायचं?" बाहेर आल्यावर सुताराने विचारलं.

"खऱ्या डॉक्टरकडे जायचं. तो 'नाही' म्हणाला, तर ते 'नाही' दोघांनी मिळून ऐकायचं."