माझ्या पोटातले आप्पांचे हात

मित्रांनो, मी आहे एक जुनी हार्ड डिस्क. विटेएवढी जाडजूड, अंगाने काळी आणि स्वभावाने जरा बढाईखोर. माझ्या पोटातल्या तबकड्या इतक्या जोरात फिरतात की कारखान्यात तपासणीच्या वेळी माझी एक थोरली बहीण टेबलावरून निसटली, ती भिंत फोडून थेट शेजारच्या गावात जाऊन बसली, असं म्हणतात. म्हणणारी मीच. पण पुढे जे सांगणार आहे, त्यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ते आठवलं की तबकडीवरची माझी बारीक सुई अजून थरथरते.

मला या घरात आप्पांनी आणलं. आप्पा छापखान्यात यंत्र चालवायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्या बायकोलाही नाही. तिला घरात सगळे आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. छापखान्याच्या खडखडाटात बाकीचे कामगार ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि आप्पा बोटांनी निवांत गप्पा मारायचे. शेवटी अख्खा छापखाना त्यांच्याकडून खुणांची भाषा शिकला!

निवृत्त झाल्यावर आप्पांनी एक चांगला कॅमेरा घेतला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि आपल्या आयुष्यातल्या गोष्टी हातांनी सांगायला सुरुवात केली. त्या सगळ्या माझ्या पोटात आल्या. व्हिडिओ म्हणजे काही साधं खाणं नव्हे. फोटो हा शेंगदाणा धरला, तर आप्पांची एक गोष्ट म्हणजे सबंध कलिंगड.

मग आप्पा गेले. आई रोज दुपारी संगणक लावून त्यांच्यासमोर बसू लागली. मध्येच हातवारे करून त्यांना उलट उत्तरंही द्यायची. त्या दिवसांत माझी ऐट काय विचारता! मला पुसायचं ते मऊ फडक्याने, आणि माझ्याजवळ चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती.

पण ऐट टिकते कुठे? माझं पोट भरलं. धाकटा मुलगा चाळिशीचा आहे, टक्कल पडलंय, तरी घरात तो बाळ्याच. तो पोहायला शिकवतो. शिष्यांचे व्हिडिओ काढतो आणि हात पाण्यात कसा शिरतो, ते एकेक चित्र थांबवून त्यांना दाखवतो. ते व्हिडिओही माझ्याच पोटात. एके सकाळी संगणकाने सांगून टाकलं, जागा संपली.

"आप्पांचे व्हिडिओ बारीक करून टाकतो," बाळ्या फोनवर थोरल्या बहिणीला म्हणाला.

"बारीक? त्यांना काय आता पथ्यावर ठेवणार आहेस?" ताईने विचारलं.

"अगं, दाबून लहान करायचे. एकाच्या जागेत दहा मावतात. बघणाऱ्याला फरकही कळत नाही."

"नवीन डिस्क घे ना, चिकट!"

"घेईन गं. पण स्पर्धेचे व्हिडिओ आज यायचेत, जागा आज हवीय."

दाबणं म्हणजे काय, ते सांगते. व्हिडिओत जे हलत नाही, ते संगणक एकदाच लिहून ठेवतो. भिंत हलत नाही, खुर्ची हलत नाही. इथवर ठीक. पण जागा फारच तुटपुंजी दिली, की भराभर हलणाऱ्या गोष्टींवर कात्री चालते. मधली चित्रं गाळली जातात, उरलेली पुसट होतात. आणि आप्पांच्या व्हिडिओत हलत काय होतं? फक्त हात.

बाळ्याने पहिला व्हिडिओ दाबला. माझ्यातून कलिंगड गेलं आणि परत आली एक फोड. ती पाहून माझ्या अंगावर काटा आला. भिंत होती, खुर्ची होती, आप्पांचा चेहराही होता, जरा मेणासारखा. मनगटांच्या पुढे मात्र नुसतं धुकं.

बाळ्याने तपासणी केली. कशी? कानाला हेडफोन लावून! खिडकीबाहेरचा कावळा लख्ख ऐकू आला. "एकदम क्लिअर," असं म्हणून त्याने मूळ व्हिडिओ पुसला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एका शिष्येचं पोहणं लिहून टाकलं. मग बाकीच्या गोष्टी रांगेत लावल्या. रांग संपली की मूळ व्हिडिओ आपोआप पुसले जातील, अशी सोय केली, आणि गळ्यात शिट्टी अडकवून स्वारी तलावावर रवाना झाली.

माझी अवस्था काय झाली असेल! एकेक गोष्ट मागितली जात होती, आणि मी हुकमाची ताबेदार, निमूट देत होते. ओरडायला तोंड नाही. म्हातारपणामुळे माझी सुई अधूनमधून अडखळते, त्या दिवशी तर फारच अडखळू लागली. खड्, खड्, खड्! संगणक म्हणेल, डिस्क खराब झालीय. मी म्हणते, मी मुद्दाम केलं. खरं कोणाचं, ते तुम्ही ठरवा. पण त्या खडखडीचा उपयोग काय? घरात एकटी आई होती.

आई माझ्याच टेबलावर मटार सोलत होती. तिने सहज तळहात टेकवला आणि तशीच थांबली. टेबल थरथरत होतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग पडद्याकडे पाहिलं, आणि काय चाललंय ते न कळल्याने पहिलाच व्हिडिओ लावला.

आप्पा दिसले. आईने डोळे बारीक केले. चष्मा पुसला. मग पडदाही पुसला. तिने ताईला व्हिडिओ कॉल लावला, फोन डब्याला टेकवला आणि दोन्ही हातांनी विचारलं, "हे असं बोबडं का बोलतायत?"

ताईला सगळं उमगायला एक क्षण लागला. मग ती खुणांनी ओरडली. खुणांनीही ओरडता येतं बरं का. "आई, वायर काढ! आधी वायर काढ!"

आईने वायर उपटली. चालत्या डिस्कची वायर अशी उपटू नये. सुई तबकडीवर घासली, तर कारभार आटोपलाच. मी सुई कशीबशी कडेला नेली आणि अंधारात पडून राहिले. पोटात आप्पा आहेत की गेले, हे माझं मलाही ठाऊक नव्हतं.

ताईचा फोन गेला तसा बाळ्या धावत आला, त्याच्यामागे धापा टाकत ताई. वायर लावली. मी खडखडले, अडले, पुन्हा खडखडले. शेवटी एकदाचे व्हिडिओ दिसू लागले. रांग अपुरी राहिली होती, म्हणून सगळे शाबूत होते. पहिला सोडून.

"पण आवाज तर मस्त होता गं..." बाळ्या बोलून गेला.

"आप्पांचा आवाज ऐकलास? शाबास!" ताई म्हणाली. "लोकांच्या पोरांचे हात थांबवून थांबवून बघतोस. बापाचे बघायला काय झालं होतं?"

बाळ्याने मान खाली घातली. गेलेली गोष्ट नेमकी त्याच्याच जन्माची होती.

आईने त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. "तुझं रडणं आम्हाला ऐकू यायचं नाही," तिचे हात सांगू लागले. "म्हणून पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचं. तू हललास की अंगठ्याला झटका! हे व्हिडिओत सांगतात, अंगठा त्यांचा. साफ खोटं. अंगठा माझा. हे खुशाल घोरत पडायचे."

"घोरणं तुला कसं कळायचं?" ताईने विचारलं.

"गादी हलायची ना!"

तिघंही हसली. मग बाळ्याने धुक्यातला तो व्हिडिओ शेवटपर्यंत नेला. शेवटी आप्पा पुढे झुकतात, कॅमेऱ्यातून जणू बाळ्याकडेच बोट दाखवतात आणि काहीतरी सांगतात. छोटंसंच. दोन-चार खुणा.

"हे काय म्हणाले?"

आई बराच वेळ बघत राहिली. "आठवत नाही रे," तिचे हात हळूच म्हणाले. "तिथपर्यंत आले, की मी अंगठ्यावरून यांच्याशी भांडत असायची."

बाळ्याने एकेक चित्र थांबवून पाहिलं. एक धुकं, पुढे दुसरं धुकं.

दुसऱ्याच दिवशी नवीन डिस्क आली. मग आणखी एक, ती ताईच्या घरी. बाकीचे आप्पा आता तीन ठिकाणी आहेत, दाही बोटांसकट. मी कपाटात विश्रांती घेते म्हणतात, पण विश्रांती कसली? त्या दोन-चार खुणा माझ्यापाशी होत्या. मी पोटाचा कोपरा न् कोपरा धुंडाळते. तिथे एक मुलगी पाणी उडवत पोहतेय, तिच्याखाली काहीच नाही. बाळ्या अजून आईसमोर बसून हातांनी वेगवेगळं सुचवतो, "असं म्हणाले असतील?" आई नकारार्थी मान हलवते.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. जागा हवी असेल तर खुशाल दाबा, बारीक करा, माझी हरकत नाही. पण मूळ पुसण्याआधी ते ज्याच्यासाठी जपलंय, त्याला समोर बसवा आणि शेवटपर्यंत बघू द्या. त्याने होकार दिला, तरच हात लावा. तोवर आमची पोटं फुटायला आली, तरी आम्ही हूं की चूं करणार नाही.