दारावरचा एक शब्द

ती अंडी माझ्यामुळे जळाली. परग्रहावरच्या त्या प्राचीन कोठाराच्या दारावर एकच शब्द कोरलेला होता. दुभाषा मीच. मी त्याचा अर्थ लावला, ‘येतो’, आणि ही धमकी आहे असं छातीठोकपणे सांगितलं. कप्तानाने आतली सगळी अंडी जाळली. मी शाबासकीही घेतली.

आज सुट्टी संपवून निघताना आईला म्हणालो, “जातो.”

“जातो काय? येतो म्हणावं,” ती करवादली. “कितीदा सांगायचं?”

बुटात घातलेला पाय तसाच राहिला. जन्मभर ऐकलेला शब्द, आणि माझ्या टाळक्यात शिरला नाही. धमकी कसली, कुणीतरी लेकरांना झोपवून, दार ओढून घेऊन कामाला निघालं होतं.

“येतो,” एवढंसुद्धा मला आईला म्हणवेना.