पालीच्या नाक्यावरचं पेट्रोल

माझा भाऊ आत्माराम वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकलंत तर तुम्ही त्याला शिव्याच घालाल. मीही घालते, पण मी त्याची मोठी बहीण आहे, मला तो हक्क आहे.

रत्नागिरीच्या बंदरावर त्याचा मंगळुरी कौलांचा धंदा. गलबतातून कौलं उतरायची आणि हा तांडेलाशी, हमालांशी, गिऱ्हाइकांशी दिवसभर घासाघीस करायचा. बरं, ती सवय बंदरावर ठेवून घरी यावं की नाही? नाही. दारात मासळी घेऊन कोळीण आली तरी दोन बांगड्यांसाठी अर्धा तास हुज्जत. माझे यजमान मुंबईला गिरणीत असल्यामुळे मी भावाकडेच राहत असे. हे सगळं माझ्या रोजच्या कानावर पडायचं, आणि गंगूच्याही. गंगू म्हणजे त्याची बायको, लांज्याच्या भागोजींची मुलगी. फार बोलायची नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

चौतीस सालच्या माघात एका संध्याकाळी लांज्याहून निरोप आला की गंगूची आई अत्यवस्थ आहे, असाल तसे या. सर्व्हिस मोटार, म्हणजे ठरल्या वेळेची उतारूंची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी होती. म्हणून भाड्याची स्पेशल मोटार बोलावली. गंगू शाल पांघरून ओटीवर तयार बसली. आणि आमचे हे शहाणे अंगणात त्या ड्रायव्हरशी भाव करत उभे राहिले! तो खाली येईना, हा वर जाईना. मी आतून ओरडले, "आत्म्या, मेल्या, बस झालं!" तेवढ्यात ड्रायव्हर वैतागला आणि मोटार घेऊन निघून गेला. आत्माराम म्हणाला, "जाऊ दे त्याला. सकाळची सर्व्हिस हाय की."

सकाळच्या सर्व्हिसने आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. गंगूला आईचं तोंड दिसलं नाही. ती तिथे रडली नाही. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि ती माजघरात गेली. तेरावा झाला, मासिक झालं, तरी ती रत्नागिरीला परत आली नाही.

आत्माराम खंगला. चैत्रात त्याने एक तिसऱ्या हातची मोटार विकत घेतली आणि चालवायला शिकला. "तिला आता माझ्या मोटारीतून घेऊन येणार," म्हणाला. मला भरून आलं. एका रात्रीच्या भाड्यासाठी अडून बसलेला माणूस अख्खी मोटार घेतो, यातच सगळं आलं असं मला वाटलं. इतक्यात भागोजींनी त्यांच्या गड्याच्या, काशीरामाच्या हाती निरोप धाडला. वैशाख सरेपर्यंत वाट बघतो, मग मुलीला कोल्हापूरवरून पुण्याला नर्सिणीचं शिकायला धाडणार, तिचं तसं मन आहे.

शनिवारी दुपारी बंदरावरचं काम आटपायचं, रविवारी कस्टमचं ऑफिस बंद. तेव्हा जायचं ते शनिवारीच. बायकोला माहेरून आणायची तर घरचं बाईमाणूस बरोबर हवं, म्हणून मी तिची ओटी भरायचं सामान घेऊन मागे बसले.

रत्नागिरीत पेट्रोल महाग, म्हणून टाकीत जेमतेम घातलेलं. हातखंब्याला दुकानदाराने भाव सांगितला, तर आत्माराम म्हणे, पालीला स्वस्त असेल. पालीच्या नाक्यावर दादूशेटच्या दुकानात डबे रचलेले होते, भावही खरंच कमी होता. पण तिथे बसलेल्या कुणीतरी सांगितलं की साखरप्याला कोल्हापूरकडून माल येतो, तिथे आणखी एक आणा कमी. आता पालीला रस्ता फुटतो. एक लांज्याला जातो, एक साखरप्यावरून कोल्हापूरला. आत्मारामने मोटार साखरप्याच्या रस्त्याला घातली. रात्र तिथेच एका ओळखीच्या घरी काढली आणि रविवारी आम्ही स्वस्त पेट्रोल घेऊन रत्नागिरीला परत! लांजा राहिलं बाजूला.

पुढच्या शनिवारी पालीलाच कुणी संगमेश्वरचं नाव घेतलं, म्हणून आम्ही तिकडे. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा साखरपा. त्या डब्यात निम्मं रॉकेल निघालं. परतीच्या वाटेवर नाणिजाजवळ मोटार खोकत खोकत थांबली ती बैल जोडून ओढावी लागली. बैलामागून धूळ खात बसलेल्या मला हसावं की रडावं ते कळेना.

वैशाखातला शेवटचा शनिवार आला. हातखंबा मागे पडल्यावर मी त्याला म्हटलं, "आत्म्या, एक विचारतंय. तू पेट्रोल शोधतंस की वेळ काढतंस?"

तो समोर बघतच म्हणाला, "आक्का, तिच्या पुढ्यात उभा रायलो तर काय बोलू गो? तिची आई काय मी परत देणाराय?"

माझा राग निम्मा तिथेच उतरला. "बोलू नको काय. नुस्ता जाऊन उभा रहा," मी म्हटलं. "आज दादूशेट सांगेल तो भाव द्यायचा नि सरळ लांजा गाठायचं. शपथ घे माझी."

त्याने घेतली. पण सवयीला शपथ कुठली कळते? पालीला उतरल्याबरोबर दादूशेटने भाव सांगितला आणि याच्या तोंडातून निघालंच, "साखरप्याला आणा कमी हाय." दादूशेट म्हणाला, "मग साखरप्याला जावा." आत्मारामने डब्याला हात घातला, दादूशेट म्हणाला आधी पैसे, हा म्हणाला आधी भाव. मी मोटारीत कपाळाला हात लावून बसले होते.

तेवढ्यात लांज्याकडून कोल्हापूरची सर्व्हिस मोटार आली आणि दुकानासमोर थांबली. ड्रायव्हर पाणी घ्यायला उतरला. मागच्या बाकावर भागोजी होते आणि त्यांच्या शेजारी गंगू.

तिने मला पाहिलं आणि ती खाली उतरली. मला वाकून नमस्कार केला, "बऱ्या आहात ना वन्सं?" मग ती वळली. आत्माराम एका हाताने डबा धरून उभा होता. दुकानातला वाद तिने ऐकला होता.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"तुलाच आणायला. देवाशप्पथ, गंगू. आक्काला विचार."

"मागच्या शनिवारी पण इथपर्यंत आला होतात. त्याच्या आधीच्या पण. लांज्याला येणारी माणसं सांगायची, तुमचे यजमान पालीला दिसले, मोटार घेऊन." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी दर शनिवारी ट्रंक भरून ओटीवर ठेवायची. बाबा म्हणायचे, येईल हो. रविवारी दिवेलागणीला ती आत नेऊन परत उपसायची. मागच्या रविवारी मात्र उपसली नाय. म्हटलं, भरलेलीच आहे तर जाऊया."

मी पुढे होऊन तिचा हात धरला, म्हटलं, "गंगू, चूक त्याची हाय. पण तो तुझ्यासाठी झुरतोय गो, मी डोळ्यांनी बघतंय."

"मला माहीत आहे वन्सं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "पण आई पण माझ्यासाठी झुरत होती."

मी तिचा हात सोडला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, गंगू चढून बसली, आणि मोटार कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. भागोजींनी पाहिलं.

दादूशेट हे सगळं बघत होता. माणूस मनाने बरा. त्याने घसा खाकरला, डबा उचलून आमच्या मोटारीजवळ आणून ठेवला आणि हळूच म्हणाला, "घ्या आत्मारामशेट. तुमच्या भावात घ्या. आणा सोडला मी."

आत्माराम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून होते तेवढे पैसे काढून पुढे केले. "पुरा घे," तो म्हणाला. "पुरा भाव घे, दादूशेट. वर आणखी घे."

"नको हो, असू दे."

"नाय, घे. मी पाया पडतो तुझ्या, पुरा घे." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती. दादूशेट ओशाळून हात मागे घेत होता, हा पैसे पुढे रेटत होता. सर्व्हिसच्या मोटारीची धूळ खाली बसली तरी दोघांची घासाघीस चालूच होती.